विश्लेषण : रक्तदाबाचा आकडा शून्यावरच का संपतो?

मुकुंदवाडीतल्या एखाद्या दवाखान्यात चिकलठाणा एमआयडीसीतील कामगाराचा रक्तदाब मोजला जातो आणि कागदावर १४०/९० असे लिहिले जाते. वरचा आकडा प्रत्यक्षात १३६ होता की १४४, हे त्या नोंदीवरून कळत नाही. १४०/९० ही उच्च रक्तदाबाच्या निदानाची रूढ सीमारेषा आहे. त्यामुळे गोळी सुरू करायची की नाही, हे याच दोन-चार अंकांवर ठरू शकते. आकडा ‘गोल’ करण्याच्या या सवयीचे मूळ शोधायचे तर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात, शरीरक्रियाशास्त्राच्या म्हणजे फिजिऑलॉजीच्या प्रात्यक्षिकात जावे लागते. तिथे स्प्रेडशीट शिकवायला हवी, ती मुख्यतः याच कारणासाठी.

प्रात्यक्षिकात काय घडते?

मुकुंदवाडीपासून काही किलोमीटरच्या आत दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १९५६ मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांची ‘घाटी’, आणि सिडकोतील एमजीएम. राज्यातील कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाप्रमाणे इथेही पहिल्या वर्षी विद्यार्थी एकमेकांची नाडी आणि रक्तदाब मोजायला शिकतात : बसून, उभे राहून, व्यायामानंतर. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमातही ही कौशल्ये आहेत. अडचण मोजण्यात नाही, त्यानंतर आहे. आकडा जर्नलमध्ये जातो, जर्नलवर सही होते आणि विषय संपतो. आलेले रीडिंग पुस्तकातल्यासारखे नसेल तर ते ‘दुरुस्त’ करण्याचा किंवा शेजाऱ्याचे उतरवून घेण्याचा मोह होतो. ही तऱ्हा कोणा एका महाविद्यालयाची नाही; जर्नल नावाच्या पद्धतीतच ती मुरलेली आहे.

एकट्याच्या जर्नलमधले १२०/८० कोणालाच खटकत नाही. शंभर जणांचे आकडे एका रकान्यात आले की चित्र बदलते. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. नीट वाचले तर शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ येणार आणि प्रत्येकाचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असणार. म्हणजे शंभरांपैकी विसेक नोंदी शून्यावर संपाव्यात. साठ-सत्तर निघाल्या, तर त्या यंत्राने दिलेल्या नाहीत, मोजणाऱ्याने दिल्या आहेत. हे शोधायला मॉड आणि काउंटइफ ही दोन सूत्रे पुरतात. शिक्षकाने रागावण्याची गरजच उरत नाही, बॅचला आपली सवय समोर दिसते.

सरासरी पुरेशी का नाही?

स्प्रेडशीट म्हटले की सरासरी काढा, आलेख काढा आणि पी-मूल्य लिहा, एवढेच शिकवण्याकडे कल असतो. त्यात धोका आहे. समजा, सहा विद्यार्थ्यांची बसलेली असतानाची नाडी मिनिटाला ६८, ७४, ८०, ८६, ७२, ९० आहे आणि उभे राहिल्यावर त्याच क्रमाने ७४, ७९, ८७, ९२, ७६, ९८. सरासरी ७८.३ वरून ८४.३ झाली. दोन्ही रकाने वेगवेगळ्या माणसांचे आहेत असे धरून टी-टेस्ट लावली तर पी-मूल्य सुमारे ०.२८ येते, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पण माणसे तीच आहेत. प्रत्येकाची स्वतःशीच तुलना केली तर सहाही जणांची नाडी ४ ते ८ ने वाढलेली दिसते आणि पी-मूल्य ०.००१ च्याही खाली जाते. सूत्रात बदलला तो शेवटचा एक आकडा, २ च्या जागी १. तो कधी बदलायचा हे संगणक सांगत नाही. प्रयोग कसा केला, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते कळते. म्हणून हा धडा संगणकाच्या तासाला देऊन चालणार नाही, तो फिजिऑलॉजीच्या शिक्षकानेच द्यायला हवा. संख्याशास्त्र पुढे सामुदायिक वैद्यकशास्त्रात येतेच, असा बचाव केला जातो. पण तोवर हे आकडे ज्यांच्या नाडीचे होते ते विसरून गेलेले असतात.

शीटवर आंधळा विश्वासही नको. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ बाधित रुग्ण दैनंदिन अहवालातून निसटले, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला. मूळ नोंदींची एक प्रत न बदलता वेगळी ठेवणे आणि आत गेलेल्या व बाहेर आलेल्या ओळी मोजून ताडून पाहणे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगता येते.

खर्चाचा प्रश्न?

तो फारसा नाही. लिबरऑफिस फुकट आहे आणि गूगल शीट्स मोबाइलवर चालते. खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप नसेल तर नोंद मोबाइलवर आणि विश्लेषण महाविद्यालयाच्या संगणक कक्षात, अशी विभागणी जमू शकते. खरी अडचण गुणांची आहे. नीटनेटक्या जर्नलला गुण आणि वेड्यावाकड्या पण खऱ्या रीडिंगला शेरा, हे असेच राहिले तर शीटमध्येही १२०/८० च भरले जाईल. प्रात्यक्षिक परीक्षेत शंभर कच्च्या नोंदींची शीट समोर ठेवून ‘यात काय खटकते?’ एवढेच विचारता येईल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही.