पायलटचं बिऱ्हाड

मुलाने किंवा मुलीने पायलट व्हायचं म्हटलं की आपल्याकडे ठरलेले प्रश्न येतात. खर्च किती? पगार किती? कंपनी कुठली? मुस्लिम घरात चौथा प्रश्न कर्जावरच्या व्याजाचा असतो, आणि तो रास्तच आहे. पण बेस कुठला, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की सातारा-सांगलीकडच्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे. मालवाहू विमानांच्या कंपनीत जायचं असेल तर नक्कीच.

बेस म्हणजे ज्या शहरात पायलटची ड्युटी सुरू होते आणि संपते ते शहर. ते कंपनी ठरवते. पायलटचं घर दुसऱ्या गावी असेल तर घरापासून बेसपर्यंत पोहोचणं ही त्याची स्वतःची जबाबदारी. तो प्रवास ड्युटीत मोजला जात नाही. कागदावर तो वेळ विश्रांतीचा असतो.

आपल्या भागाची गंमत अशी की विमान चालवायला शिकायची सोय जवळ आहे, नोकरी मात्र लांब. बारामतीला प्रशिक्षण संस्था आहेत. पण कराडच्या विमानतळावरून नियमित प्रवासी विमान उडत नाही, सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी वर्षानुवर्षं फक्त बातम्यांत येते, आणि कोल्हापूरहून मोजकीच उड्डाणं आहेत. ब्लू डार्ट एव्हिएशन ही आपल्याकडची जुनी मालवाहू विमान कंपनी १९९६ पासून उडते आहे. तिचं मुख्य ठाणं चेन्नईला. इंडिगोने २०२२ पासून मालवाहू एअरबस आणली, तिचं कामही मोठ्या महानगरांतून चालतं. म्हणजे लायसन्स हातात आलं की घर सुटणार, हे ठरलेलंच.

त्यातून मालवाहू विमानाचं काम मुख्यतः रात्रीचं. संध्याकाळपर्यंत गोळा झालेली पार्सलं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग सकाळी दुसऱ्या शहरात पोहोचवायचे, यावरच हा धंदा उभा आहे. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर सगळ्यात मंद असतं. नेमक्या त्याच वेळात या पायलटला विमान उतरवायचं असतं. म्हणून त्याची दिवसाची झोप ही चैन नाही, कामाचाच भाग आहे. ती कुठे आणि किती होते, यावर बाकी सगळं अवलंबून.

आता एक हिशेब करू. आपल्याकडच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम काढले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तास झाली, आणि त्यात दोन रात्री आल्या पाहिजेत असं ठरलं. ही तरतूद जुलै २०२५ पासून लागू झाली. समजा, सांगलीच्या मुलाचा बेस मुंबई आहे. पहाटे ड्युटी संपली. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली, सकाळी सांगलीत. दिवसभर घरी, म्हणजे पाहुणे, बँकेचं काम, मोठ्या अब्बांना डॉक्टरकडे नेणं. त्या रात्री परत गाडीत आणि सकाळी मुंबईत. नियमाने दिलेल्या दोन्ही रात्री रेल्वेच्या बर्थवर गेल्या. कागदावर ४८ तास विश्रांती झाली, प्रत्यक्षात अंथरुणावर एकही रात्र नाही. आणि हा मुंबईचा हिशेब झाला. चेन्नई किंवा दिल्लीचा तुम्हीच करून बघा.

नियम तरी पक्के असतात का? नव्या नियमांचा दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिक पुरेनात म्हणून काही तरतुदींना तात्पुरती सवलत द्यावी लागली. नोकरीतल्या नव्या माणसाने यातून एवढं समजून घ्यावं की आपली झोप कुणी दुसरा सांभाळेल अशा भरवशावर राहू नये.

थकव्याने काय होतं याच्या दोन नोंदी अमेरिकेतल्या आहेत. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. फर्स्ट ऑफिसर २४ वर्षांची तरुणी होती. राहायला सिअ‍ॅटलजवळ आईवडिलांकडे, बेस देशाच्या दुसऱ्या टोकाला न्यूअर्कला. आदल्या रात्री ती फेडएक्सच्या मालवाहू विमानांतून, मधे मेम्फिसला विमान बदलून, बेसवर आली होती. कॅप्टनही फ्लोरिडाहून ये-जा करणारा, त्याने रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. चौकशीत अपघाताचं कारण कॅप्टनने धोक्याच्या इशाऱ्यावर केलेली चुकीची हालचाल हेच ठरलं. थकव्याचा परिणाम दोघांवर झाला असावा, पण तो किती हे सांगता येत नाही, असंही तपास यंत्रणेने नोंदवलं.

दुसरी नोंद मालवाहू विमानाची. १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे पाचच्या आधी बर्मिंगहॅमला उतरताना यूपीएसचं विमान कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. इथे अहवालाने दोघांचाही थकवा कारणांत धरला. फर्स्ट ऑफिसरबद्दल तर स्पष्ट म्हटलं की मोकळ्या वेळेत तिची पुरेशी झोप झाली नव्हती. बफेलोनंतर अमेरिकेने विश्रांतीचे कडक नियम केले, पण ते जानेवारी २०१४ मध्ये लागू झाले तेव्हा मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलेलं होतं. पार्सलं बातमी मागत नाहीत, हे त्यामागचं साधं कारण असावं असं मला वाटतं.

याचा अर्थ मालवाहू कंपनीत जाऊ नये असा नाही. प्रवासी कंपन्यांचा इतिहास आपण पाहिलाय. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. कोरोनात २५ मार्च ते २५ मे २०२० असे दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, तेव्हा मालवाहू विमानं उडत होती. दुसरी बाजूही बघा. इंडिगोकडे ४०० च्या वर विमानं आहेत, ब्लू डार्टकडे दहाच्या आत. ताफा लहान म्हणजे कॅप्टनच्या जागा थोड्या, वाट मोठी. आणि मन बदललं तर लगेच बाहेर पडता येत नाही. आपल्याकडे फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. म्हणून निवड करतानाच विचार हवा. दोन नोकऱ्या समोर असतील तर पगारातला फरक बघण्याआधी हे बघावं की कुठल्या शहरात आपण खरोखर राहू शकू. थोडा कमी पगार आणि बेसपासून अर्ध्या तासावर स्वतःची खोली, ही मला जास्त चांगली नोकरी वाटते.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना घर सोडून कमावणं नवं नाही. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडचे लोक माथाडी म्हणून मुंबईला गेले. बिऱ्हाड गावात आणि माणूस दाटीवाटीच्या खोलीत, असा तो संसार. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं गाळायला पार केरळ-तमिळनाडूपर्यंत पोहोचले, पण त्यांच्यातल्या अनेकांनी बिऱ्हाड सोबत नेलं, पोरं तिथल्या शाळेत घातली आणि गावाशी नातं जत्रेपुरतं का होईना, टिकवलं. रात्री विमान चालवणाऱ्या मुलासाठी मी गलाईवाल्यांचा रस्ता योग्य मानतो. लग्न झालं असेल तर बायकोला सासरी ठेवून त्याने महिन्यातून चारदा धावत यायचं, ही व्यवस्था दोघांवरही अन्याय करणारी आहे. मुलगी पायलट असेल तर तिच्या नवऱ्याने बिऱ्हाड हलवायची तयारी ठेवावी, हेही आपल्याला ऐकायची सवय लागली पाहिजे. आणि घरच्यांनी प्रत्येक साखरपुड्याला, प्रत्येक अकिक्याला बोलावणं थांबवावं. एखादी ईदही त्याच्याविना होईल. मुसाफिराला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आपल्या दीनने दिली आहे. मग मामाच्या घरच्या दावतीची सवलत आपण का देऊ नये?

पण इथे एक अडचण आहे आणि ती मुलाच्या इच्छेवर अवलंबून नाही. बेसच्या शहरात घर मिळालं पाहिजे. महानगरात भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज कसा बदलतो, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. पगार, कंपनीचं ओळखपत्र, काहीच कामाला येत नाही. मग मिळेल तिथे, विमानतळापासून दीड-दोन तासांवर घर घ्यावं लागतं, किंवा 'त्यापेक्षा घरूनच ये-जा करू' असा विचार सुरू होतो. बंगळुरूसारख्या शहरात दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची जुनी रीत आहे. लायसन्सला ५० लाखांच्या आसपास, वर टाइप रेटिंगचे वेगळे पैसे घातलेल्या घरात त्या डिपॉझिटसाठी काय उरलेलं असणार? कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरला पहिलं वर्षभर बेसजवळ राहायची सोय दिली तर उड्डाणाच्या सुरक्षेसाठीच तो खर्च असेल. तो मागायला हवा. पण तोवर वाट बघत बसणं परवडणारं नाही.

जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं. घाटावरच्या आणि कोकणातल्या कित्येक गावांची मुंबईत गावकीची खोली असायची. गोव्याच्या खलाशांसाठी धोबीतलावला गावागावांच्या 'कूड' होत्या. जहाज लागेपर्यंत माणूस तिथे राहायचा, कुणाचे उपकार नाहीत, कुणाचे टोमणे नाहीत. आज आपल्या जमाती, अंजुमन आणि शिक्षण फंड फीसाठी मदत करतात, निकाल लागला की शाल-हार देतात. त्याच फंडातून डिपॉझिटची बिनव्याजी रक्कम, कर्जे हसना म्हणून, वर्षभरासाठी द्यायला काय हरकत आहे? मुलगा ती पगारातून फेडेल आणि पुढच्याला मिळेल. याचा फायदा फक्त पायलटला नाही. हैदराबादच्या हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी नर्स आणि पुण्याच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारा डिप्लोमावाला यांचीही अडचण हीच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या गावच्या एखाद्या नव्या पायलटचा सत्कार ठेवाल, तेव्हा हार घालण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचारा की बेस कुठला मिळाला, आणि तिथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात झोपायची सोय काय आहे. उत्तर नसेल तर हाराचे पैसे त्या सोयीला लावा.