आगमनापूर्वीचे रिते सिंहासन

भाद्रपद वद्य अष्टमीस तुळजापुरी श्रीभवानीमातेची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर निजविली जाते आणि घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत ते सिंहासन रिते राहते. मंचकी निद्रेच्या या दिवसांत आलेला यात्रेकरू कित्येकदा हिरमुसतो. मला मात्र नवरात्राचा गाभा त्या रित्या सिंहासनातच दिसतो, आणि नाताळापूर्वीचा ख्रिस्ती ‘आगमनकाळ’ उमगला तोही याच आधारे.

नाताळ म्हटला की आपणांस रोषणाई व मिष्टान्न आठवते. परंतु कॅथलिक पंथाचे उपासनावर्ष आरंभते ते त्यापूर्वीच्या चौथ्या रविवारी. धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात. देवदूतांचे गौरवगीत या रविवारच्या मिस्सांत गायिले जात नाही, ते जन्मरात्रीसाठी राखलेले असते. हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एकेक मेणबत्ती अधिक उजळते. बाराव्या शतकातील संत बर्नार्डने प्रभूचे आगमन त्रिविध सांगितले : एक बेथलेहेमात झालेले, एक युगान्ती व्हावयाचे, आणि मधले, गुप्तपणे भक्ताच्या अंतःकरणात होणारे. माझ्या मते हे मधलेच या काळाचे हृद्गत होय. उरलेली दोन आपल्या स्वाधीन नाहीत. येथे मात्र दार आतून उघडावे लागते.

हा विचार मराठीस परका नाही. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यातील ओवीबद्ध पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाची वाट पाहण्यातच सरते; जन्मकथा येते ती दुसऱ्या पुराणात. २०२० साली आमच्याच जिल्ह्यात, गोरोबाकाकांच्या भूमीत, साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले तेही वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी.

अवतार पुनःपुन्हा होतो ही आपली श्रद्धा. ईश्वराने एकदाच मानवदेह धारण केला ही त्यांची. हा भेद कोणी पुसू नये. पण वाट पाहणे हीदेखील उपासनाच, याविषयी दुमत कशास असावे? आपणच ते विसरत चाललो आहोत. घट बसण्यापूर्वीच कर्णे गर्जू लागतात. कीर्तनातही पूर्वरंग टाळून आख्यानापुरते येणारे श्रोते मी चाळीस वर्षे पाहतो आहे! ‘निद्रा संपल्यावर दर्शनास येतो’ असे कळविणाऱ्यांना पुढील भाद्रपदात मी मुद्दाम निद्रेतच बोलावणार आहे.