दुसऱ्या भागाची कसोटी

पहिला भाग लोकप्रिय झाला, की दुसऱ्याची मागणी आपोआप येते. यश मात्र कमवावे लागते. व्हिडिओ गेमच्या व्यवसायाला हा धडा लंडनच्या रॉकस्टेडी या संस्थेने दोन्ही बाजूंनी शिकविला आहे.

तिच्या 'बॅटमॅन : अर्कहॅम असायलम' (२००९) या खेळाचे कथानक एका बेटावरील मनोरुग्णालयात बंदिस्त होते. २०११ च्या 'अर्कहॅम सिटी'ने नायकाला तटबंदीने वेढलेल्या नगरभागात आणले. या विस्तारापेक्षा त्याचा उपयोग महत्त्वाचा ठरला. डगल्याच्या आधारे तरंगणे पूर्वी प्रसंगोपात्त होते. मोकळ्या आकाशाखाली तेच संचाराचे मुख्य साधन झाले. मारामारीची लय कायम राहिली, आणि जोकरचे दूषित रक्त नायकाच्या अंगात भिनवून कथेने खेळाडूला स्वस्थ बसू दिले नाही. जुन्या गुणांना नवे क्षेत्र मिळाले, हेच त्या यशाचे मर्म होय.

२०१५ च्या 'अर्कहॅम नाइट'मध्ये बॅटमोबाइलच्या रणगाडी लढाया तक्रारीचा विषय झाल्या. संगणकावरील सदोष आवृत्ती तर काही महिने विक्रीतून काढून घ्यावी लागली. २०२४ मध्ये त्याच विश्वातील 'सुसाइड स्क्वॉड'ने जुनी ओळख सोडून बंदुकांचा व अखंड चालणाऱ्या खेळाचा मार्ग धरला. वॉर्नर ब्रदर्सला सुमारे २० कोटी डॉलरचा फटका बसला.

ग्राहक दुसऱ्यांदा पैसे मोजतो, तो पहिल्या अनुभवाच्या विश्वासावर. तो विश्वास वाढविण्याऐवजी जो उधळतो, त्याला कोणताही महानायक तारू शकत नाही.