डिझेल पेटत नाही म्हणे!

उज्जैनच्या देवास गेटला बसस्टँडाभोवती लॉज, रसवंत्या आणि वरातींना रोषणाई पुरवणारे यांच्यात एक गृहस्थ इंजिनाचे जाणकार म्हणून मान्यता पावले आहेत. त्यांचं तत्त्वज्ञान असं : डिझेल म्हणजे पेट्रोल नव्हे. त्यात जळती काडी टाकली तर काडीच विझते, म्हणून जनरेटर चालू ठेवून टाकीत कॅन उपडा करायला हरकत नाही. दुसरं, इंजिनाला रॉकेल द्या नाहीतर सोयाबीनचं तेल द्या, ते फिरणारच. तिसरं, अडीच हजार लिटरपर्यंत कायदाही परवाना मागत नाही. आणि सगळ्यात शेवटी ब्रह्मास्त्र : "आजवर काही झालं का?"

ब्रह्मास्त्राला एक ओळ पुरे. आजवर काही झालं नाही हे सांगायला तोच मागे उरतो, ज्याला काही झालेलं नसतं.

काडीचं प्रकरण मात्र एवढ्यावर सोडता येत नाही. काडी विझते, कबूल. पण कुठल्या ऋतूत? इंधनातून उठणारी वाफ ठिणगीने क्षणभर पेटू शकेल, अशा सर्वांत कमी तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. युरोपच्या मानकात डिझेलसाठी तो किमान 55 अंश सेल्सिअस हवा. आपल्या आयएस 1460 या मानकात किमान 35 चालतो. पंपावरचं डिझेल बहुधा या मर्यादेच्या बरंच वर असतं, पण किती वर ते कॅनकडे बघून कळत नाही. इकडे वैशाखात उज्जैनचा पारा सावलीतच 42-43ला टेकतो; उन्हात उभ्या पत्र्याच्या टाकीची गोष्टच सोडा. त्यातून इंजिनाने न वापरलेलं डिझेल परतीच्या नळीने गरम होऊन पुन्हा टाकीत येतं. आमच्या गृहस्थांनी काडीचा प्रयोग बहुतेक पौषात, शाल पांघरून केला असावा.

आणि मुळात काडी आणतो कोण? जनरेटरपाशी काडी नसते, सायलेन्सर असतो. पेट्रोल वाफेच्या बाबतीत कितीतरी घातकी, यात वाद नाही. पण ठिणगीवाचून, नुसत्या तापलेल्या पृष्ठभागावर पेटायचं म्हटलं की पारडं फिरतं. डिझेल साधारण 210 अंशांच्या आसपास आपोआप पेट घेऊ शकतं. पेट्रोलला त्याहून जास्त ताप लागतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो तो याच कारणाने. हवा दाबून तापवायची, तीत डिझेलचा फवारा मारायचा, की भडका. ज्या गुणावर इंजिन चालतं, तोच गुण इंजिनाबाहेर सांडल्यावर सज्जनासारखा गप्प बसेल, अशी या गृहस्थांची श्रद्धा आहे. भार घेतलेल्या जनरेटरचा एक्झॉस्ट 300 अंशांच्या पुढे सहज जातो, आणि वरातीच्या गर्दीत, ढोलाच्या तालावर, हलत्या हातगाडीवर ओतलेलं डिझेल नेमकं टाकीतच पडतं असं कुणी म्हणू नये. सांडलेलं पुसायची चिंधी तिथेच लोंबत असते. समईतल्या तेलात काडी बुडवली तर विझेल, पण वात पेटते ना? ती चिंधी म्हणजे वातच.

यांच्याशी वाद घालायची ही पहिली वेळ नव्हे. जनरेटरला अर्थिंग कशाला, तो तर रबरी चाकांवर उभा आहे, हे पूर्वीचं रत्न. त्याच्याही आधी बंद खोलीत इंजिन चालवायचं समर्थन होतं; धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, म्हणून तो नसतो म्हणे.

आता इंधन. जुनी लिस्टर पद्धतीची, मिनिटाला 650 फेऱ्यांची संथ इंजिनं वाटेल ते रिचवायची. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर डिझेल इंजिन चाललंही होतं. पण आजचा जनरेटर बहुधा 1500 फेऱ्यांवर चालतो, आणि त्याच्या पंपाला न् इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल पातळ, त्याने पंप झिजतो. सोयाबीनचं तेल दाट, त्याने नोझलवर काजळी धरते. माळव्यात सोयाबीन उदंड पिकतं म्हणून ते टाकीत ओतायचं असेल, तर मग क्षिप्रेचं पाणी का नको? डिझेलमध्ये पेट्रोल मिसळणाऱ्यांना तर उत्तर देण्यात अर्थ नाही. फ्लॅश पॉइंट खाली ओढून तेच स्वतःला उत्तर देतील.

कायद्याचं म्हणाल, तर 1934चा पेट्रोलियम कायदा अडीच हजार लिटरपर्यंत परवाना माफ करतो, तोही एकेक भांडं हजार लिटरच्या आत असेल तर. लॉजच्या भटारखान्याच्या भिंतीला पिंप टेकवा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

मग करायचं काय? फार काही नाही. इंजिन बंद करावं, गार होऊ द्यावं, मग जाळीच्या नरसाळ्यातून भरावं. टाकी काठोकाठ भरू नये. डिझेल तापलं की फुगतं. सांडलेलं पुसून चिंधी लांब टाकावी. जवळ पाण्याची बादली नको, पावडरचं अग्निशामक नळकांडं हवं. डिझेल पंपावरचंच घ्यावं. एप्रिल 2020पासून देशभर 10 पीपीएम गंधकाचं बीएस-6 मिळतं. ते बंद कॅनमध्ये, सावलीत ठेवावं, वर्षानुवर्षं साठवू नये. तळाशी पाणी साचतं, ते काढत जावं. नाशिकचा सिंहस्थ पावसाळ्यात येतो, तिथे हे पाणीच छळेल. आमचा 2028चा सिंहस्थ ऐन उन्हाळ्यात येणार, तंबूतंबूमागे जनरेटर घरघरणार, आणि तिथे सल्ला द्यायला हेच गृहस्थ असणार.

थांबलं तर धंदा बुडतो, असं ते म्हणतीलच. तर टाकी वरात निघण्यापूर्वी भरावी. तरीही वाटेत संपलंच, तर इंजिन निवेपर्यंत अंधार सोसावा. तेवढ्यात नवरदेव काही घोडीवरून उतरून पळत नाही.