मांजराची मान मोडायची नसते

रील ठरलेली असते. टेबलावर मांजर. एक माणूस त्याची मान दोन्ही हातांत धरतो, हळूच वळवतो, माइकमध्ये 'कट्' असा आवाज येतो. मांजर डोळे मिटतं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटतात : 'बघा, किती आराम पडला!' सलूनमध्ये केस कापून झाल्यावर फुकटात मान मोडून मिळायची, त्याच गोष्टीला आता 'पेट कायरोप्रॅक्टिक' म्हणतात आणि अपॉइंटमेंट घ्यावी लागते. घरातलं मांजर लंगडायला लागलं की हे करून बघावं का, असं चांगली शिकलेली माणसं गंभीरपणे विचारतात.

माझं उत्तर : नाही. निदान होण्याआधी तर मुळीच नाही. आणि निदान झाल्यावर त्याची गरज सहसा उरतच नाही.

मुळात ही विद्या आली कुठून? १८९५ साली अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावात, डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा दावा केला. त्याआधी पामर चुंबकीय उपचार करत. कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही, ही अडचण त्यांच्या आड आली नाही. पुढे त्यांनी सांगितलं की ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. या सरकण्याला 'सबलक्सेशन' असं भारदस्त नाव मिळालं. माणसाच्या कंबरदुखीत अशा दाबण्याने थोडाफार आराम पडतो, हे मान्य. पण 'मणका जागेवर बसवला की शरीर आपोआप बरं होतं' हा पाया आजवर कुणालाही सिद्ध करता आलेला नाही. आणि तो 'कट्' आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा. बोटं मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे.

आता मांजराकडे या. लंगडणं हा आजार नाही, लक्षण आहे. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की लॉग न बघता रीस्टार्ट मारणारा एक जण असतोच. कधीकधी सर्व्हर चालूही होतो, पण का पडला होता ते कुणालाच कळत नाही. लंगडणाऱ्या मांजराचा मणका दाबणं हे असंच आहे. त्यातही मांजर बहुतेक वेळा लंगडतं ते पायामुळे, पाठीमुळे नाही.

कारणं बघा. गल्लीतल्या बोक्याशी मारामारी झाली, दात घुसला, वरची जखम एका दिवसात मिटली आणि आत पू साठला : याला अँटिबायोटिक लागतं, कधी चीरही द्यावी लागते. बाल्कनीतून पडून हाड मोडलं : एक्स-रे लागतो. म्हातारपणी सांधे झिजले : बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेत ही झीज दिसते आणि तिच्यावर औषधं आहेत. मधुमेहाने नसा कमजोर झाल्या : मांजर मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतं आणि रक्ताची तपासणी करावी लागते.

दोन कारणं तर अशी आहेत, की ती वाचल्यावर मांजराच्या पाठीला हात लावायची छाती होऊ नये. पहिलं आपल्या स्वयंपाकघरातलं. पिल्लाला नुसतं उकडलेलं चिकन किंवा मासळी-भात घातला, तर कॅल्शियम मिळत नाही. शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि हाडं इतकी ठिसूळ होतात की साध्या उडीनेही मोडतात. असं पिल्लू लंगडतं. त्याचा मणका 'बसवायला' गेलात तर काय होईल, ते सांगायला नको. दुसरं कारण हृदयातलं. हृदयविकार असलेल्या मांजरात रक्ताची गुठळी सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत अडकते. पाय थंडगार पडतात, तळवे फिके किंवा निळसर होतात, मांजर वेदनेने ओरडतं. तिथे प्रश्न तासांचा असतो, आणि ते तास तुम्ही मसाज टेबलावर घालवता.

'पण आमच्या मांजराला फरक पडला!' हे वाक्य येणारच. फरक कुणाला पडला? २०१२ साली अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. सांधेदुखीच्या ज्या कुत्र्यांना औषध म्हणून नुसतं खोटं औषध दिलं होतं, त्यांचं चालणं वजन मोजणाऱ्या पट्टीवर तपासलं. पट्टी सांगत होती, सुधारणा नाही. तरीही सुमारे ४० टक्के वेळा मालक म्हणाले, बरं वाटतंय. तपासणारे व्हेटही तसंच म्हणाले. म्हणजे प्लासिबो कुत्र्याला लागू पडला नव्हता, बघणाऱ्यांना पडला होता. मांजर तर दुखणं लपवण्यात कुत्र्याहून तरबेज. ते डोळे मिटून गप्प बसतं, ते आरामाने की भीतीने, हे रील सांगत नाही. त्यात मुरगळलेला पाय आठवड्याभरात तसाही बरा होतो आणि श्रेय मान मोडणाऱ्याला जातं. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते, हा हिशोब आपल्या आज्जीच्या काळापासून असाच चालत आलाय. आज्जीची श्रद्धा निदान तिच्या स्वतःच्या पाठीपुरती होती आणि तिला नाही म्हणता येत होतं.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. एक्स-रे, रक्त तपासणी, औषधं मिळून पगाराला खड्डा पडतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मांजर नेलं की कपाळाला आठ्या पडतात, कारण तिथे रांग गाई-म्हशींची असते. शहरातही मांजराला नीट हाताळणारे व्हेट शोधावे लागतात. हा राग रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणून त्याच पैशांत निदान न करणारा माणूस गाठणं, हे कुठलं गणित? परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या संस्था शंभरहून अधिक वर्षं उभ्या आहेत. तशा आणखी मागायला हव्यात. जिथे हा धंदा जन्मला, त्या अमेरिकेतही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पशुवैद्याने आधी तपासल्याशिवाय आणि त्याच्या देखरेखीशिवाय कायरोप्रॅक्टरला प्राण्याला हात लावता येत नाही. आपल्याकडे तर १९८४चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. समोरच्याला सरळ विचारा : तुमचा पशुवैद्य म्हणून नोंदणी क्रमांक काय?

मांजर लंगडत असेल तर त्याचं चालणं फोनवर शूट करा, कारण दवाखान्यात ते हमखास लपून बसतं. त्याला एका खोलीत ठेवा, उड्या मारू देऊ नका. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. पाय थंड असतील, टेकवतच नसेल किंवा ओरडत असेल तर त्याच क्षणी निघा. बाकी वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत व्हेट गाठा. दुखण्याचं नाव कळल्यावर व्हेटने फिजिओथेरपी सुचवली तर खुशाल करा.

स्वतःची मान कुणाकडून मोडून घ्यायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मांजराने मात्र संमतीपत्रावर सही केलेली नसते.