पितळ उघडं पडू द्या!

आमच्या मांजरसुंब्याची आणि समुद्राची काहीही ओळख नाही. बीडहून घाट चढून वर आलं की धुळे-सोलापूर हायवेवर आमचा फाटा लागतो. तिथून एक रस्ता केज-अंबाजोगाईकडे जातो, एक पाटोद्याकडे. पाण्याचं काय ते कौतुक म्हणजे पावसाळ्यातला कपिलधारचा धबधबा. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनेकशे किलोमीटर लांब. अशा गावच्या पोराने जुन्या स्कूबा डायव्हिंगच्या सामानावर लेख लिहावा, यावर आमच्या विंगमध्ये पुरेसं हसून झालेलं आहे. तरी लिहितोय. कारण या सामानापायी आमच्या घरातला एक माणूस जाता जाता राहिला.

माझा चुलतभाऊ, दादा, पट्टीचा पोहणारा. आसपासच्या विहिरींत पंपाचा फुटबॉल (पुस्तकातला फूट व्हॉल्व्ह!) गाळात अडकला की दादाला बोलावणं येतं. एका दमात तळ गाठायचा, गाळ काढायचा, वर यायचं. गेल्या दिवाळीत घरी गेलो तर दादा अंगणात बसून काहीतरी घासत होता. भंगारवाल्याकडे कोकणातून आलेल्या मालात त्याला एक जुनं सिलिंडर आणि दोन नळ्यांचा रेग्युलेटर सापडला होता. पितळेच्या भावाने, किलोवर घेतलेला! आधी चिंच, मग पितांबरी. रेग्युलेटर असा चकाकत होता की देवघरात ठेवावा.

"आता दम धरायची कटकट नाही. फाट्यावर टायरवाल्याकडून हवा भरायची अन् आरामात खाली बसून काम करायचं," दादा म्हणाला. वर हेही, "ही दुसरी नळी फुकटची हाय, कापून टाकावं म्हणतो."

मी स्क्रू ड्रायव्हर मागितला. "कशाला खोलायलास? आत्ता तर चमकवलाय," म्हणून दादा चिडला. पण खोलला. आत रबरी पडदा वाळून तडकलेला. उच्छ्वास बाहेर सोडणारा, बदकाच्या चोचीसारखा व्हॉल्व्ह चिकटून बसलेला. जाळीवर हिरवा गंज. सिलिंडर रिकामं असल्याची खात्री करून व्हॉल्व्ह काढला आणि टॉर्च मारला, तर आत लालभडक गंज. वरून कीर्तन, आतून तमाशा!

आता त्या 'फुकटच्या' नळीविषयी. १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र तयार केलं. कुस्तो नौदलातला, त्याचं नाव जगभर झालं. गान्यां मात्र आपल्यातला, इंजिनिअर. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवायच्या होत्या. त्यासाठी इंजिन मागेल तेवढाच गॅस सोडणारा व्हॉल्व्ह त्याच्याकडे होता. तोच त्यांनी माणसाच्या श्वासाला जोडला. पॅरिसजवळ मार्न नदीत चाचणी घेतली. आडवं पोहताना यंत्र छान चाललं, पण उभं राहिल्यावर हवा फुकट वाहून जायला लागली आणि डोकं खाली केल्यावर मिळेनाशी झाली. कारण साधं होतं. हवा सोडणारा पडदा आणि उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होत्या, म्हणजे दोन्हीकडे पाण्याचा दाब वेगळा. त्यांनी उच्छ्वासाची नळी मागे रेग्युलेटरपर्यंत नेऊन दोन्ही जागा एका पातळीवर आणल्या आणि काम झालं. फ्लुइड मेकॅनिक्सचा पहिला धडा, दुसरं काही नाही! दादा कापायला निघाला होता ती नळी म्हणजे त्या यंत्रातली निम्मी अक्कल होती.

टायरवाल्याच्या हवेचं गणितही अंगणातच मांडलं. सिलिंडर समजा १० लिटरचं. नीट भरलं तर १५० बारला साधारण १५०० लिटर हवा. टायरचा कॉम्प्रेसर देणार ८ बार, म्हणजे ८० लिटर. माणसाला मिनिटाला २० लिटर धरली तर काठावर बसून चार मिनिटं. विहिरीत १० मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून दोनच मिनिटं. त्या हवेत तेलाची वाफ, शेजारी डिझेल इंजिन चालू असेल तर त्याचा धूर. शिवाय ओलसर लोखंडी सिलिंडर बरेच दिवस बंद राहिलं तर गंज आतल्या हवेतला ऑक्सिजन खातो. माणूस श्वास घेत राहतो आणि बेशुद्ध पडतो.

पण खरी भीती वेगळीच होती. दादाचं सगळं कसब दम धरण्यात. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. यंत्रातून श्वास घेतल्यावर दम धरून वर आला तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे जो जितका पट्टीचा पोहणारा, तितका त्याला या यंत्राचा धोका जास्त. हे सांगितल्यावर मात्र दादा गप्प झाला.

माझं म्हणणं एवढंच, की आपण घासण्यालाच दुरुस्ती समजतो. जुनं डायव्हिंगचं सामान नीट करणारे जाणकार उलट दिशेने जातात. आधी खोलतात, प्रत्येक भाग का आहे हे समजून घेतात, मग स्वच्छ करतात. पितळेवरचे क्षार पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ ब्रशने काढतात. व्हॉल्व्हच्या बैठकीच्या कडेला पॉलिश पेपर लावत नाहीत, कारण तिथला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. रबर नवीन घालतात, त्याला पेट्रोलियम ग्रीस नाही, सिलिकॉन ग्रीस लावतात. बफिंगचं चाक लावलं की कंपनीचं नाव आणि नंबर पुसले जातात. सिलिंडर घासून चकचकीत केलं तर पत्र्याची जाडी कमी होते आणि गळ्यावर ठोकलेली चाचणीची तारीखही जाते.

सिलिंडर शेवटी पास-नापास होतं ते पाण्याच्या चाचणीत. त्यात पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात आणि दाब काढल्यावर ते किती फुगलेलं राहिलं हे मोजतात. (व्हायवाला विचारतील: हवा न वापरता पाणी का? पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून सिलिंडर फुटलं तरी स्फोट होत नाही.) मुदतीत चाचणी न झालेलं सिलिंडर भरू नये असा गॅस सिलिंडर नियम, २०१६ सांगतो. हे सगळं बघणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. पॉलिशची चाचणी कुठेही होत नाही.

मुंबईच्या चोर बाजारात पाणबुड्यांची पितळी हेल्मेटं चमकताना दिसतात. त्यातली बरीचशी शोभेसाठी आपल्याच देशात नव्याने बनवलेली असतात. दिवाणखान्यात ठेवा, काही बिघडत नाही. बिघडतं ते शोभेच्या वस्तूवर जीव टांगल्यावर.

आणि मित्रहो, हे फक्त दादाचं नाही. कमिटी येणार म्हटलं की आपल्याच वर्कशॉपमधल्या जुन्या लेथला हिरवा रंग लागतो. एकदा तर सरकत्या भागांवरही लागला होता! तो लेथ चालतो का, हे मात्र कोणी विचारलं नाही. फायनल इयरचे प्रोजेक्ट बाहेरून आणायचे, स्प्रे पेंट मारायचा आणि व्हायवाला आत काय आहे विचारलं की छताकडे बघायचं. मीही बघितलंय, खोटं कशाला बोलू? 'पितळ उघडं पडलं' ही आपल्याकडे नाचक्की समजतात. मला वाटतं, इंजिनिअरचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

असो. दादाच्या सिलिंडरला आम्ही भोक पाडलं, म्हणजे पुढे कोणी चुकूनही भरायला नको. रेग्युलेटर मी रीतसर साफ केला, दोन्ही नळ्यांसकट. दादाने तो दुकानात टांगलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मार्न नदीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगतो.

पण निघताना एसटीत बसवायला आला तेव्हा म्हणाला, "तुझं सगळं पटलं रे. पण फुटबॉल अडकला तर खाली मलाच जायचंय ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. अडकलेला फुटबॉल काठावरूनच सोडवता येईल असं साधं, स्वस्त काहीतरी बनवायला हवं. यंदाच्या प्रोजेक्टचा विषय मी तोच टाकलाय, अजून दोघं हवेत. खोली नंबर विचारून या. रंग आणू नका, पाने आणा!