पाच लाखांचे कार्ड आणि रोजची गोळी

सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला. वार्धक्याला दारिद्र्याचा दाखला मागण्याचा करंटेपणा एकदाचा सुटला, याबद्दल सरकारचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु पाच लाखांच्या आकड्याने दिपून जाण्यापूर्वी नागरिकांनी त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ही रक्कम माणशी नाही, कुटुंबामागे वर्षाची आहे. घरात आजोबा व आजी दोघेही सत्तरीपलीकडचे असतील, तर एकाच पाच लाखांचे ते दोघे वाटेकरी!

आणि ती उपयोगी पडते केव्हा? रुग्णाने रुग्णालयात खाट धरल्यावर. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी परतल्यानंतरचे १५ दिवस एवढा औषधपाण्याचा खर्च तीत धरला आहे. सोळाव्या दिवसापासून म्हाताऱ्याची गाठ पुन्हा औषधाच्या दुकानाशी! रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी तर रोज आणि जन्मभर घ्यावयाची. तिला व बाह्यरुग्ण तपासणीला या कार्डावर जागा नाही. म्हणजे गोळी परवडेना म्हणून ती सोडलेला वृद्ध पक्षाघाताने कोसळला, की सरकारची थैली मोकळी होणार. तो कोसळू नये म्हणून मात्र छदामही नाही. हा कोणता हिशेब? जनऔषधी केंद्रांत औषधे स्वस्त मिळतात, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. स्वस्त औषधालाही पैसे पडतात, आणि ते निवृत्तिवेतन नसलेल्याच्या गाठी नसतात. निदान या दोन व्याधींची औषधे तरी सरकारने त्याच कार्डावर द्यावीत.